मदत हवी आहे: मुलं बायबलची कोडी पटापट सोडवतात, पण गोष्ट डोक्यात राहत नाही

तळ्यातमळ्यात

नमस्कार मंडळी,

रविवारच्या शाळेत माझ्याकडे सतरा मुलं आहेत. सगळ्यात लहान पाच वर्षांचा, सगळ्यात मोठी अकराची. वेळ चाळीस मिनिटं, त्यातली दहा चपला काढण्यात आणि जागेवरून भांडण्यात जातात. चार महिन्यांपूर्वी नुसतं गोष्ट सांगणं थांबवून मी प्रिंट काढलेली कोडी द्यायला लागले. शब्दशोध, भूलभुलैया, ठिपके जोडा, जोड्या लावा, रंगवायची चित्रं, असं सगळं. मुलं खूश, वर्गात शांतता, पालकही खूश.

मागच्या रविवारी योनाचा शब्दशोध दिला होता. बारा शब्द, दहा-अकरा मिनिटांत सगळ्यांचे शोधून झाले. मी सहज विचारलं, "तार्शीश सापडलं का?" सगळे हात वर. "मग सांगा, तार्शीशचं काय?" एकदम चिडीचूप. शेवटी एक नऊ वर्षांचा मुलगा अगदी आत्मविश्वासाने म्हणाला, "टीचर, ते खालून तिसऱ्या ओळीत आहे."

हसू आलं, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात फिरत होतं. देवाचा संदेष्टा योना निनवे शहरी जायचं सोडून उलट्या दिशेला, तार्शीशकडे पळाला, ही अर्धी गोष्ट आहे! आणि मुलांच्या लेखी तार्शीश म्हणजे खालून तिसरी ओळ.

दुसरी अडचण तांत्रिक आहे. कोडी बनवून देणारं एक साधन वापरते, त्यात मराठी शब्द टाकले की काना-मात्रा सुट्या होऊन वेगवेगळ्या घरांत जाऊन बसतात. "मत्तय"ची तर पार दैना होते.

तिसरी अडचण वयाची. पाच वर्षांच्यांना वाचता येत नाही आणि अकरावाली ठिपके जोडायला दिले की माझ्याकडे दयेने बघते.

कुणी हे केलं असेल तर सांगा ना.

कोरापाना

तुमच्या त्या विद्यार्थ्याचं काहीही चुकलेलं नाही. शब्दशोधाने विचारलं, शब्द कुठे आहे? त्याने सांगितलं. कोड्याने गोष्ट विचारलीच नव्हती.

मी एकच कसोटी लावते. बायबल न उघडता, गोष्ट न ऐकता हे कोडं सुटतं का? सुटत असेल तर तो टाइमपास आहे. टाइमपासही लागतो कधीकधी, पण त्याला शिकवणं म्हणायचं नाही.

शब्दशोध फेकून देऊ नका, खालची शब्दांची यादी तेवढी काढून टाका. तिथे प्रश्न आणि संदर्भ (अध्याय:वचन) द्या. "देवाने योनाला कोणत्या शहरी जायला सांगितलं? योना १:२." "तो कुठे पळाला? १:३." "वेल कशाने वाळला? ४:७." आधी उत्तर वाचून काढायचं, मग तो शब्द जाळीत हुडकायचा. वेळ दुप्पट लागेल, म्हणून शब्द बाराऐवजी सहाच ठेवा.

आणि योना निवडलाच आहे तर कोडं वाटण्याआधी पूर्ण पुस्तक मोठ्याने वाचून दाखवा. ४ अध्याय, ४८ वचनं, दहा मिनिटांचं काम. बहुतेक मुलांना (आणि मोठ्यांनाही) गोष्ट योनाला गिळणाऱ्या माशापाशी संपते असंच वाटतं. चौथ्या अध्यायात योना रुसून बसतो, ते ऐकताना मुलांचे चेहरे बघा. रुसणं त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

अक्षरजुळारी

दुसऱ्या अडचणीचं सांगतो, आयुष्य यातच गेलंय.

कॉम्प्युटरला "मत्तय" म्हणजे म, त, हलन्ताचं चिन्ह, त, य असे पाच तुकडे दिसतात. साधं साधन पाच घरं करतं. जरा शहाणं साधन काना-मात्रा जोडून ठेवतं, पण जोडाक्षर हलन्तापाशी तोडतं, म्हणजे म, त्, त, य अशी चार घरं. आपल्याला हवीत तीन: म, त्त, य. युनिकोडच्या (कॉम्प्युटरवरच्या अक्षरांचं जागतिक मानक) अक्षरं तोडण्याच्या नियमात देवनागरी जोडाक्षर एकसंध धरायची तरतूद आली तीच मुळी १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली. त्याआधीच्या नियमावर चालणारी साधनं अजून भरपूर आहेत, तुमचं त्यातलंच असावं.

उपाय कंटाळवाणा पण खात्रीचा आहे. एक्सेलमध्ये चौकोनी घरांची जाळी करा आणि प्रत्येक घरात एक पूर्ण अक्षर हाताने टाइप करा. दहा बाय दहाच्या जाळीला अर्धा तास. "जखऱ्या"ची तीन घरं, शेवटच्या घरात अख्खा "ऱ्या". तो काही फॉन्टमध्ये विचित्र उमटतो, त्यामुळे सतरा प्रती काढण्याआधी एक काढून बघा.

आता एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. उरलेल्या घरांत आपण आळसाने क, ग, प, ट अशी मोकळी अक्षरं भरतो. मग "यो", "नी", "त्त" ही अक्षरं दुरूनच चमकतात आणि मुलं न वाचता मात्रेच्या मागावर शब्द पकडतात. भरतीची अक्षरंही मात्रेची हवीत, शक्यतो त्याच शब्दांतली. योना लपवला असेल तर आणखी तीन-चार "यो" इकडेतिकडे पेरा.

उलटे शब्द लहानांना देऊ नका. "योहान" उलटा "नहायो" होतो, तो मोठ्यांनाही दिसत नाही.

शब्दकोडं करणार असाल तर आडव्या-उभ्याचा छेद मात्रेसकट जुळायला लागतो. योना, योहान आणि योएल "यो"वर जुळतात. यहूदाच्या "दा"मधून दानीएल किंवा दावीद खाली उतरतो. मरीयाच्या "या"मधून याकोब. अशा जोड्यांची एक वही ठेवली आहे मी, बायको हसते.

तळ्यातमळ्यात

भरतीच्या अक्षरांचं वाचून कपाळावर हात मारला. माझ्या सगळ्या जाळ्यांत क, ट, प, ग!

जुनीखडूपेटी

जरा कडू बोलते, राग मानू नका. आम्ही कोड्यांशिवाय शिकलो. स्तोत्र २३ आजीने अंथरुणात पाठ करून घेतलं, रोज रात्री एक ओळ. त्याचा कागद नव्हता, आणि अजून ते झोपेत म्हणता येतं. चाळीस मिनिटांत वीस मिनिटं पेन्सिल चालणार असेल तर वचन कानावर पडणार कधी? प्रिंट अर्ध्या करा, मोठ्याने म्हणून घेणं दुप्पट करा.

कोरापाना

खडूपेटीताई, निम्मं पटलं. पण सतरा मुलांना एकच आजी पुरत नाही. आणि म्हणून घेणं कोड्यातही बसतं. तुमच्या स्तोत्र २३ ची सुरुवात, "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे", ही बरोबर तेरा अक्षरं होतात: प र मे श्व र, मा झा, में ढ पा ळ, आ हे. शब्दशोधात सगळे शब्द खोडून झाले की हीच तेरा अक्षरं क्रमाने उरतील अशी जाळी करा. मुलं ती एकेक करून मोठ्याने वाचतात. "में… ढ…" इथपर्यंत आलं की वर्गात कुणीतरी ओरडतंच.

तिसरीबाकडी

भूलभुलैयाबद्दल एक. हरवलेल्या मेंढराचा भूलभुलैया जवळजवळ प्रत्येक संचात असतो आणि जवळजवळ प्रत्येकात उलटा असतो. मेंढरू इकडे, मेंढपाळ तिकडे, आणि सूचना "मेंढराला वाट दाखवा". लूक १५ उघडून बघा. नव्याण्णव सोडून मेंढपाळ शोधायला निघतो, मेंढरू वाट काढत येत नाही. सापडल्यावर तो त्याला खांद्यावर घेतो. पेन्सिल मेंढपाळापासून निघाली पाहिजे. एवढ्या एका बदलाने तो कागद कामाचा होतो, आणि वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलालाही तो सोडवता येतो.

त्याच अध्यायात पुढे दहातलं एक नाणं हरवतं आणि दोन मुलांपैकी एक. शंभरात एक, दहात एक, दोनात एक. मोठ्यांना याचं गणित घालता येईल, मी अजून करून पाहिलेलं नाही.

लहानांसाठी सगळ्यात चाललेला प्रकार म्हणजे चित्रपट्ट्या क्रमाने लावणं. निर्मितीच्या सहा दिवसांची सहा चित्रं कापून द्या. हमखास सगळी मुलं सूर्य पहिल्या पट्टीवर ठेवतात. मग उत्पत्ति १ वाचायचं: प्रकाश पहिल्या दिवशी, सूर्य-चंद्र चौथ्या दिवशी. "मग पहिल्या दिवशी उजेड कसला?" हा प्रश्न मला एका सहा वर्षांच्या मुलीने विचारला होता. तयारी ठेवा.

अकराचीआई

अकरावालीसाठी लिहिते, माझ्याही घरी एक आहे. तिला कोडं सोडवायला देऊ नका, चूक काढायला द्या. या वयात त्यांना दुसरं काहीच आवडत नाही.

रंगवायची जी तयार चित्रं मिळतात ना, ती चुकांनी भरलेली असतात. एदेन बागेत सफरचंद असतं, पण उत्पत्ति ३ मध्ये फळाचं नावच नाही. योनाला देवमासा गिळतो, पण शास्त्रात नुसता "मोठा मासा" आहे. तीन राजे गोठ्यात उभे असतात. मत्तय २ मध्ये ते राजे नाहीत, मागी (पूर्वेकडचे ज्ञानी लोक) आहेत. किती होते ते सांगितलेलं नाही, तीन होत्या त्या भेटी: सोनं, ऊद, गंधरस. आणि ते आले "घरात", वचन ११. असं एक चित्र आणि सोबत फक्त अध्यायाचा आकडा द्यायचा. "यात तीन चुका आहेत, वचनासकट सिद्ध करा." माझी लेक पाऊण तास बायबलमधून डोकं वर काढत नाही.

नोहाचं तारूसुद्धा. चित्रांत जिराफाची मान बाहेर आलेली वाटीसारखी होडी असते. उत्पत्ति ६:१५ ची मापं द्या: लांबी ३०० हात, रुंदी ५०, उंची ३०. आलेखाच्या कागदावर दहा हाताला एक चौकोन धरला की बाजूने ३० बाय ३ ची लांबच लांब पेटी येते. ती काढून झाल्यावर माझी लेक म्हणाली, "ही होडी नाही, ट्रेन आहे."

शेशख

माझं टोपणनावच कोडं आहे, म्हणून राहवलं नाही. यिर्मया २५:२६ मध्ये "शेशखचा राजा" येतो. शेशख म्हणजे बाबेल (बॅबिलोन), फक्त सांकेतिक लिपीत. इब्री (हिब्रू) वर्णमालेत २२ अक्षरं. पहिल्याच्या जागी शेवटचं, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरं असं घातलं की बाबेलचं शेशख होतं. ५१:४१ मध्ये तर दोन्ही नावं एकाच वचनात आहेत. शमशोन आपल्या लग्नात कोडं घालतो ते शास्ते १४ मध्ये. स्तोत्र ११९ मूळ इब्रीत २२ अक्षरांच्या क्रमाने बांधलेलं आहे, प्रत्येक अक्षराला ८ वचनं, म्हणून १७६. कोडी म्हणजे पोरखेळ असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

मराठीत अक्षरबदलाची लिपी काना-मात्रांमुळे किचकट होते. त्यापेक्षा संदर्भाची लिपी करा: पुस्तक, अध्याय, वचन, कितवा शब्द. "योहान ११:३५, शब्द १" म्हणजे येशू. असे सहा-सात शब्द जमवून एक निरोप तयार होतो, आणि पुस्तकं चाळता चाळता ६६ पुस्तकांचा क्रम बोटांना कळतो. एकच अट, सगळ्यांकडे एकाच भाषांतराची प्रत हवी. नाहीतर तिसरा शब्द प्रत्येकाचा वेगळा, आणि निरोपाची खिचडी. हे अनुभवाने सांगतोय.

जुनीखडूपेटी

तो चूक काढायचा प्रकार मात्र आवडला. आजीलाही आवडला असता.

तळ्यातमळ्यात

तीन रविवारांनंतर परत आले. सगळ्यांचे मनापासून आभार.

काय चाललं: संदर्भासकट शब्दशोध, सहा शब्दांचा. पहिल्यांदा कुरकुर झाली, "यादी कुठाय?" दुसऱ्यांदा नाही. मेंढपाळाकडून निघणारा भूलभुलैया लहानांनी तीनदा मागितला. दोन पाच वर्षांचे एका आठ वर्षांच्या शेजारी बसवते, मोठा वाचतो, छोटे जाळीत बोट फिरवतात. वयाचा प्रश्न अर्धा तरी सुटला.

काय फसलं: संदर्भाची लिपी. शेशख यांनी सांगूनही मी प्रती तपासल्या नाहीत. तीन वेगवेगळी भाषांतरं निघाली आणि निरोप निघाला "देव आणि प्रीती नाही". वाचून अकरावाली इतकी हसली की तिची दया कायमची गेली असावी.

आणि हे सांगायचंच आहे. काल चूक काढा दिलं, नोहाच्या तारवाचं चित्र. मी मुद्दाम दोन चुका घातल्या होत्या: वाटीसारखी होडी, आणि आधी कबुतर मग कावळा. दोन्ही सापडल्या. मग तो खालून-तिसरी-ओळवाला उठला आणि म्हणाला, "टीचर, तिसरी पण आहे. तुम्ही सगळे प्राणी दोन-दोन काढलेत." मी म्हटलं, बरोबरच आहे की, ६:१९ बघ. त्याने पान उलटून ७:२ वर बोट ठेवलं. शुद्ध पशूंच्या सात-सात जोड्या.

ती चूक मी मुद्दाम घातलेली नव्हती.

आता त्याचा पुढचा प्रश्न आहे, मासे तारवात होते का? पुढच्या रविवारपर्यंत मुदत घेतली आहे. काय सांगू?

कोरापाना

काही सांगू नका. कागदावर फक्त "उत्पत्ति ७:२२" लिहा आणि त्याच्या हातात द्या.