आजोबांचे रिव्हॉल्वर चालवावे, की नुसते जपावे?

करवीरकर (धागाकर्ता)

आमच्या कोल्हापूरच्या घरी आजोबांच्या काळापासून वेब्ली अँड स्कॉट कंपनीचे मार्क ४, .३२ बोअरचे (म्हणजे नळीच्या आतल्या मापाचे) रिव्हॉल्वर आहे. आजोबांनंतर परवाना वडिलांच्या आणि आता माझ्या नावावर झाला आहे. खंडेनवमीला त्याला हळदकुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले जाते, निवडणूक लागली की ते पोलीस ठाण्यात जमा होते आणि उरलेले वर्ष कपाटात कुलूपबंद पडून राहते. मला हे पटत नाही. अंगठ्याने खटका दाबून नळी खाली झुकवली की मागची चांदणी, म्हणजे काडतुसे बाहेर ढकलणारी ताऱ्याच्या आकाराची चकती, वर उचलली जाते आणि सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर पडतात. ही करामत ज्या कारागिरांनी साधली त्यांचे कसब, ते शस्त्र हातात घेऊन चालवल्याशिवाय कळणार नाही. वर्षातून एकदा तरी मान्यताप्राप्त रेंजवर बारा-पंधरा गोळ्या झाडाव्यात आणि मग नीट साफ करून ते परत ठेवावे, असे माझे ठाम मत आहे.

जुनाबाजार

मी याच्याशी अजिबात सहमत नाही. अशा नळी खाली झुकवून उघडणाऱ्या रिव्हॉल्वरमध्ये प्रत्येक गोळीचा धक्का त्या खटक्यावर आणि बिजागरीच्या खिळीवर बसतो, आणि तिथे एकदा ढिलाई आली की ती परत भरून येत नाही. माझ्या मामांकडील जुन्या रिव्हॉल्वरची घोड्याची स्प्रिंग रेंजवर तुटली. तिच्या जागी दुसऱ्या मापाची स्प्रिंग घासून बसवण्यात आली, मूळ तुकडा दुरुस्तीच्या दुकानातच हरवला, आणि तेव्हापासून ते शस्त्र मूळ स्वरूपातले राहिले नाही. रिव्हॉल्वरचे जनक मानले जाणारे सॅम्युअल कोल्ट यांचे अमेरिकेतील पेटंट १८३६ चे. त्या घराण्यातील प्रत्येक जुने रिव्हॉल्वर आता इतिहासाचा पुरावा आहे. आपल्या न्यू पॅलेसच्या संग्रहालयातील शस्त्रे चालवून पाहावीत, असे कोणी म्हणेल का?

शिवाय नळीवरचे शिक्के आपण वाचले आहेत का? बर्मिंगहॅमच्या चाचणीगृहाने १९०४ पासून मुकुटाखाली एन-पी अशी अक्षरे उठवायला सुरुवात केली, आणि त्यांचा अर्थ ते शस्त्र धूरविरहित दारूच्या दाबावर तपासलेले आहे असा होतो. आपले मार्क ४ त्यानंतरचे असल्याने त्यावर ती असणार. मात्र त्याहून जुन्या, काळ्या दारूसाठी बनवलेल्या रिव्हॉल्वरमध्ये केवळ बसते म्हणून आजचे काडतूस घालणे हा जिवाशी खेळ आहे.

पंचवीस मीटर

मी अनेक वर्षे रेंजवर सराव करतो आणि धागाकर्त्याच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. काडतूस घालण्याआधी रिव्हॉल्वर रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून घोडा पूर्ण मागे ओढावा आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसांचे फिरते नळकांडे, बोटांनी हलवून पाहावा. तो लक्षणीय हलत असेल, तर काडतुसाचे घर आणि नळी एका रेषेत येत नाहीत. मग गोळीचे शिसे नळीच्या तोंडाशी खरवडले जाते आणि त्याचे कण फटीतून बाजूला उडतात. असे कण मी शेजारच्या लेनमध्ये उभा असताना माझ्या मनगटावर झेलले आहेत. ही तपासणी परवानाधारक कारागिराने करून दिली, तर .३२ बोअरचे रिव्हॉल्वर खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या काडतुसांवर उत्तम चालते. सेंटर फायर पिस्तूल स्पर्धेतही हेच .३२ लाँग काडतूस चालते, तेव्हा ते नेमबाजीला परके नाही. ज्या कोल्हापूरने तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत यांच्यासारख्या नेमबाज दिल्या, तिथे शस्त्र फक्त पूजेपुरते उरावे याचे मला वाईट वाटते.

शाहूपुरी ३री गल्ली

या चर्चेत कायद्याचा विचार अजून आलेला नाही. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतात आणि वारशाने आलेले शस्त्रही त्यात मोजले जाते. .४५५ बोअरचे लष्करी वेब्ली तर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते, त्यामुळे साध्या परवान्यावर ते ठेवताच येत नाही. अशा स्थितीत जुनी रिव्हॉल्वरे जमवून ती चालवणे हा छंद आपल्याकडे जवळजवळ अशक्य आहे, आणि म्हणून दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात असे मला वाटते. सरावासाठी कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याचे नवे .३२ घ्यावे, २०१४ मध्ये आलेले सुमारे अर्धा किलो वजनाचे 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्वरही आहे. आजोबांचे वेब्ली परवान्यावरील दोनपैकी दुसरे शस्त्र म्हणून ठेवावे आणि त्यातून एकही गोळी झाडू नये. शेतावर किंवा लग्नाच्या वरातीत बार काढण्याचा विचार तर कोणीच करू नये. हर्षोल्लासातील गोळीबाराला आता दोन वर्षांपर्यंत कैद आहे.

करवीरकर (धागाकर्ता)

शेतात बार काढण्याची माझी कधीच इच्छा नव्हती. नवे घेण्याचा सल्ला समंजस आहे, पण माझी ओढ नेमबाजीपेक्षा त्या एका शस्त्राकडे आहे, हे मी आधीच स्पष्ट लिहायला हवे होते.

आपले वाचून काल ते खिडकीपाशी नेऊन भिंगाने पाहिले. नळीवर मुकुट आणि एन-पी स्पष्ट दिसतात. मात्र मुठीजवळच्या स्क्रूच्या खाचेत वर्षानुवर्षांचे कुंकू घट्ट बसले होते, आणि ते काडीने काढल्यावर त्याखाली तांबूस खड्डा निघाला. ते कातडी म्यानातच ठेवले जात होते. कातडे आपल्या पावसाळ्यातील दमट हवा शोषून पोलादाला चिकटून राहते, त्यामुळे म्यानाला टेकणाऱ्या बाजूची निळी झिलईही उडाली आहे. म्हणजे जुनाबाजार यांना ज्या हानीची भीती वाटते, ती एकही गोळी न झाडता आमच्या घरातच झाली. म्यान आता वेगळे ठेवले आहे. मृगाच्या आधी कारागिराकडून सिलिंडर तपासून घेणार आहे. तो हलत असेल तर गोळी झाडणार नाही, आणि यंदापासून कुंकू शस्त्राऐवजी पाटावर लावावे असे आईला सांगितले आहे.