मदत हवी आहे: प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ऑपरेशननंतर रेडिएशन लगेच घ्यावे की थांबावे?

बाबा 67 वर्षांचे, मधुमेह आहे, हृदयात एक स्टेंट. पावसाळ्यात पुण्यात रोबोटने प्रोस्टेट काढली. काढलेल्या प्रोस्टेटचा बायोप्सी रिपोर्ट: ग्लीसन 4+5 (म्हणजे 9, आक्रमक प्रकार), टी3बी (शुक्राशयापर्यंत पसरलेला), मार्जिन पॉझिटिव्ह (कापलेल्या कडेवर कर्करोगाच्या पेशी), लसिका गाठी निगेटिव्ह. स्लाइड्स दुसऱ्या लॅबकडून तपासून घेतल्या, रिपोर्ट तोच. पीएसए (प्रोस्टेटची रक्तचाचणी) आता 0.03, इतक्या कमी पीएसएला पेट स्कॅनमध्ये सहसा काही दिसत नाही, म्हणून तो केलेला नाही.

सर्जन म्हणतात, दर तीन महिन्यांनी पीएसए बघू, 0.2 च्या दिशेने चढू लागला तर रेडिएशन. रेडिएशनवाले डॉक्टर म्हणतात आत्ताच घ्या, सोबत सहा महिने हार्मोनची (टेस्टोस्टेरॉन कमी करणारी) इंजेक्शने. दोघेही ठाम, मधल्या मध्ये आम्ही! ऑपरेशननंतर लगेच रेडिएशन आणि पीएसए वाढल्यावर रेडिएशन यांची तुलना करणारा रॅडिकल्स-आरटी अभ्यास वाचला. सरसकट लगेच रेडिएशन देऊन खास फायदा दिसला नाही, लघवीचा त्रास मात्र वाढला. पण त्यात बाबांसारखे जास्त जोखमीचे रुग्ण थोडेच होते.

बाबांना अजून खोकला आला की लघवी सुटते, दिवसाला दोन पॅड लागतात. केगल (लघवी रोखणाऱ्या स्नायूंचा व्यायाम) चालू आहे. कृपया काढे, गोमूत्र सुचवू नका.

ग्लीसन 9 आणि मार्जिन पॉझिटिव्ह असताना तुमच्या घरी कोणी थांबले का, आणि पीएसए कितीवर रेडिएशन सुरू केले? लगेच घेतले असेल तर लघवीवरचा ताबा नंतर आला का? स्टेंट असताना हार्मोनचे इंजेक्शन कोणते दिले?