पुढच्या डाव्या चाकाचा आतला ब्रेक पॅडच झिजतोय, मदत हवी आहे

गाडी पेट्रोल हॅचबॅक, मॅन्युअल, 2016ची, 78,000 किमी. पुढे डिस्क, मागे ड्रम. रोज वाई-पाचगणी, म्हणजे पसरणी घाट. उतरताना दुसऱ्या गिअरमध्येच असतो, ब्रेकवर पाय ठेवून उतरत नाही.

नवे पॅड टाकून जेमतेम 9,000 किमी झाले. डावीकडचा आतला पॅड 2 मिमीवर आलाय, बाहेरचा अजून 7. उजवीकडचे दोन्ही सारखे. घाट उतरल्यावर डाव्या रिमला हात लाववत नाही. जॅकवर उचलून फिरवलं तर चाक जड जातं.

स्लाइड पिन (ज्यांच्यावर कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, सरकतो) साफ करून सिलिकॉन ग्रीस लावलं, त्या सहज सरकतात. ब्रेक ऑइलही बदललं. फरक नाही. कॅलिपरमधला पॅड ढकलणारा पिस्टन आत दाबताना मात्र फार जोर लागला. डस्ट बूट (पिस्टनवरचं धूळ अडवणारं रबर) एका बाजूने फाटलेलं आहे.

मेकॅनिक म्हणतो, पूर्ण कॅलिपर बदला. खर्चाची तयारी आहे, पण दोष रबरी होजमध्ये (कॅलिपरला ब्रेक ऑइल नेणाऱ्या नळीत) असेल तर नवा कॅलिपरही तसाच धरेल ना? घरची माणसं सोबत असतात, त्यामुळे जुगाड नको.

चाक धरलेलं असताना ब्लीडर (कॅलिपरमधलं ऑइल सोडायचा स्क्रू) उघडून ते मोकळं झालं तर होज, नाही तर पिस्टन, एवढी तपासणी पुरेशी आहे का? आणि पिस्टनवर गंज निघाला तर सील किट टाकून भागेल का?