विषय: मुलगा सप्टेंबरात हॉलमध्ये राहायला येतोय, काय काय देऊ बरोबर?

कडून: गिरगावची आई

नमस्कार मंडळी,
माझ्या जावेच्या भावाने मला या लिस्टवर घातलंय, आम्ही मुंबईतच असतो, तरी चालत असेल तर विचारते. मुलगा १९ वर्षांचा, गणपतीतच निघतोय इंग्लंडमधल्या लेस्टरला. युनिव्हर्सिटीचा हॉल, म्हणजे हॉस्टेल, मिळालाय, खोली त्याची एकट्याची आणि किचन सहा जणांत मिळून. आमच्याकडे चाळीत दोन खोल्यांत पाच माणसं, स्वतःची खोली म्हणजे काय हे त्याला माहितीच नाही, त्यामुळे तो खूश आणि मला झोप नाही. लालबागहून मसाला कुटून आणला, चिवडा झाला, लोहार चाळीतून अडॅप्टर आणि लांब वायरचा बोर्ड आणला, तीन लिटरचा कुकर, छोटा मिक्सर, दोन किलो साजूक तूप, पेढे, मेतकूट, चादरी, उशी. अजून काय राहिलंय सांगा.

कडून: लेस्टरचे काका

ताई, नमस्कार. राहिलं काहीच नाही, उलट काढायचं बरंच आहे 😄

तूप आणि पेढे आधी काढा. भारतातून दुधाचे पदार्थ सामानात आणायला इथे बंदी आहे, सापडले तर काढून घेतात. बाकी तूरडाळ, पोहे, हिंग सगळं बेलग्रेव्ह रोडवर मिळतं, तो रस्ता म्हणजे आपल्याकडचं भुलेश्वरच समजा, फक्त थंडीतलं. मेतकूट मात्र द्या, ते सहज मिळत नाही. उशी कशाला, इथे स्वस्तात मिळते.

बोर्ड आणि मिक्सरही ठेवा तिथेच. व्होल्टेज इथेही २३०च, त्यामुळे कन्व्हर्टर वगैरे लागत नाही, पण इथल्या प्लगला तीन चौकोनी पिना आणि आत फ्यूज असतो, आणि बाहेरून आणलेली विजेची वस्तू बऱ्याच हॉलमध्ये खोलीच्या तपासणीत आक्षेप घेऊन उचलून ठेवतात. कुकर देऊ शकता, फक्त बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघा, नाही चिकटला तर इंडक्शनवर तो नुसता शोभेचा. आणि त्याला सांगून ठेवा की पहिल्या शिट्टीच्या आधी किचनमध्ये जो कोण असेल त्याला सांगायचं, नाहीतर पोरं खरंच घाबरतात, मी पाहिलंय.

फोडणीचं नीट ऐका. किचनमध्ये बहुधा हीट डिटेक्टर असतो, तो साध्या धुराने वाजत नाही, पण कॉरिडॉरमध्ये स्मोक डिटेक्टर असतो आणि आपली मुलं धूर झाला की सवयीने दार उघडतात, मग तो धूर बाहेर जातो आणि पूर्ण बिल्डिंग रात्री अकरा वाजता पायजम्यात खाली उभी. एका मुलाने मोहरीच्या फोडणीने हे एका आठवड्यात दोनदा केलं. तेव्हा दार बंद, एक्झॉस्ट चालू, खिडकी उघडी, आणि मिरच्या शेवटी. खोलीत उदबत्ती आणि निरांजन तर नाहीच, गणपतीच्या फोटोला फूल वाहायचं. सुकट भाजायची हौस मुंबईला आल्यावर.

बाथरूम कोरडं असतं, शॉवरची जागा सोडून जमिनीला पाणी जायला वाट नसते, बादलीने अंघोळ केली की खालच्याच्या छतातून गळणार. प्लॅस्टिकचा मग मात्र जरूर द्या, का ते सांगायला नको.

आता जे मला खरं सांगायचंय ते. तुमच्या चाळीत दारं दिवसभर उघडी असतात ना, हॉलमध्ये उलटं आहे, सगळी दारं आग पसरू नये म्हणून बसवलेली असतात, सोडलं की आपोआप बंद होतात आणि अडकवून ठेवायला परवानगी नाही. गॅलरीत उभं राहिलं की माणूस दिसतो, ही सवय असलेल्या मुलाला तिथे आठवडाभर कुणी दिसत नाही, आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्यास्त. मुलं भात केला की ताट घेऊन खोलीत जातात, व्हिडिओ कॉलवर आईसमोर जेवतात, आईला बरं वाटतं आणि पोरगं सहा महिन्यांत फ्लॅटमधल्या कुणाचं आडनावही शिकत नाही. किचनमधेच बसून जेवायचं, एवढं एक त्याच्याकडून कबूल करून घ्या. जेवताना फोन करू नका, तुम्हीसुद्धा.

कडून: मुलुंडचा बाबा

काकांना हजार टक्के अनुमोदन. माझी लेक दुसऱ्या वर्षाला आहे, दुसऱ्या शहरात. पहिल्या टर्मला दोन दिवस फोन लागेना, मी मुलुंडहून हॉलच्या ऑफिसला फोन केला, तिथली बाई गोड बोलली पण म्हणाली ती इथे राहते की नाही हेही मी सांगू शकत नाही, निरोप असेल तर पोचवते. मी भडकलो, फी मी भरतो वगैरे. पण १८ पूर्ण झाले की तिथे मूल स्वतःच जबाबदार, करार त्याच्या सहीचा, माहितीही त्याच्या परवानगीशिवाय आईबापाला नाही. (फोन सिंकमध्ये पडला होता, बाकी काही नाही.) म्हणून जाण्याआधीच ठरवा की आणीबाणीत कुणाला कळवायचं त्याचा फॉर्म तो भरेल, आणि एका फ्लॅटमेटचा नंबर तुमच्याकडे असेल.

वेळेचं पण बघा, आपले सकाळचे साडेसात म्हणजे त्यांचे पहाटेचे तीन, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारनंतर दोन. मी हे गणित चुकलोय.

बाकी पटापट: कराराचे आठवडे मोजा, मध्येच खोली सोडली तरी भाडं सहसा सुटत नाही. व्हिसाबरोबर वर्षाला ७७६ पाउंड हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेची फी) भरलात ना, मग पहिल्याच आठवड्यात जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घालायला लावा, ताप आल्यावर नाही. मेनिंजायटिसची लस (मेन-एसीडब्ल्यूवाय) आणि एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) झाली का बघा. ९९९ आणीबाणीला, १११ सल्ल्याला. फुलटाइम विद्यार्थ्याला काउन्सिल टॅक्स (आपल्या घरपट्टीसारखा) नाही, पण तसं पत्र येऊन पडलं तर टाकून द्यायचं नाही, युनिव्हर्सिटीचं सर्टिफिकेट पाठवायचं.

कडून: गिरगावची आई

काका, भाऊ, खूप आभार. तूप परत डब्यात गेलं, सासूबाई दोन दिवस बोलत नव्हत्या. चुंबक चिकटला नाही, कुकर बदलून आणला.

काकांचं वाचून मी ठरवलं करूनच बघू. चार दिवस सगळ्यांना घेऊन चिपळूणला गेले, घर त्याच्यावर सोपवून, भांडीवाल्या मावशींनाही सुट्टी. पहिल्या दिवशी वरणभात, दुसऱ्या दिवशी ऑम्लेट आणि कपडे मशीनमध्ये घातले पण वाळत घालायचे राहिले, त्यांना वास. तिसऱ्या दिवशी भाजी करपली, चौथ्या दिवशी बाजूच्या काकूंच्या दारात जाऊन म्हणाला, काकू, आज मला जेवायला घालता का. म्हणजे नापासच ना?

कडून: लेस्टरचे काका

छे, पास. दार ठोठावलं ना त्याने.
फ्लाइट कळवा, शनिवार-रविवार असेल तर कोचच्या, म्हणजे लांबच्या बसच्या, स्टेशनवर घ्यायला मी येतो. आणि तूप काढलंय तर बॅगेत जागा झाली असेल, चिवड्याची दोन पाकिटं माझ्यासाठी टाका.