दहा वर्षांच्या मुलीच्या हाती पहिले यंत्र कोणते द्यावे?

प्रश्न
माझी मुलगी दहा वर्षांची असून गेले वर्षभर हातकरवत, हातोडी आणि पॉलिश पेपर घेऊन पक्ष्यांची घरे, पेनस्टँड असे काही ना काही करत असते. आता तिला यंत्रावर काम करायचे आहे. माझ्याकडे १३ मिमीचे विजेवरचे ड्रिल आणि चार इंची कटर आहे. आमच्याकडे येणारे सुतार त्याच कटरला लाकडाचे पाते लावून फळ्या कापतात, म्हणून तिथूनच सुरुवात करावी असे मला वाटत होते. पत्नीचा मात्र ठाम विरोध आहे.

प्रतिसाद १
आपल्या पत्नीचे म्हणणे मान्य करावे. तो कटर मुळात फरशी कापण्यासाठी असतो आणि त्याचे पाते मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. कापताना लाकडातली फट मिटली की पाते अडकते आणि यंत्र उसळून चालवणाऱ्याच्या अंगावर येते. तो झटका मुरलेल्या कारागिरालाही आवरत नाही. १३ मिमीचे ड्रिलही तिच्यासाठी नको, कारण बिट (भोक पाडणारी पुढची दांडी) अडकले की ते मनगटच पिरगाळते. त्याऐवजी १२ व्होल्टचे बॅटरीवरचे ड्रिल घ्यावे आणि पुढची आकड्यांची कडी लहान आकड्यावर ठेवावी, म्हणजे जोर वाढताच आतला क्लच कटकट करत सुटतो आणि बिट फिरायचे थांबते. कडी ड्रिलच्या चिन्हावर असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. पहिले काही दिवस पाइनच्या तुकड्यात फक्त स्क्रू बसवू द्यावेत.

प्रतिसाद २
मी शाळेत कार्यशाळा घेतो. आमच्याकडे लाकूड हाताने धरण्यास सक्त मनाई आहे. ते दोन क्लॅम्पांनी टेबलाला आवळायचे, कारण एकाच क्लॅम्पवर तुकडा गरकन फिरतो. वेणी आत खोचलेली, ओढणी दूर, डोळ्यांवर चष्मा, आणि फिरत्या यंत्राजवळ हातमोजे अजिबात नाहीत, कारण मोजा गुंडाळला गेला की बोटेही त्याच्याबरोबर ओढली जातात. विजेच्या ड्रिलचे बिट आवळायची चावी आम्ही प्लगपासून वीतभर अंतरावर वायरीलाच बांधली आहे, त्यामुळे प्लग काढल्याशिवाय ती चकपर्यंत, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यापर्यंत, पोहोचत नाही. जिगसॉला (वरखाली चालणाऱ्या पात्याची विजेवरची करवत) माझ्या मते आणखी दोन वर्षे थांबावे, कारण त्याचे पाते फळीच्या खालीही चालते आणि मुलांचा दुसरा हात नेमका तिथेच जातो.

प्रतिसाद ३
भुशाचाही विचार व्हावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच कर्करोगकारक ठरवली आहे. एमडीएफ (लाकडाचे तंतू चिकटवून दाबलेली फळी) तर मुलांना घासायला देऊच नये. काम अंगणात करावे आणि मास्क तिच्या चेहऱ्याला घट्ट बसणारा घ्यावा. मोठ्यांचा मास्क गालांपाशी उघडा राहतो.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. कटर माळ्यावर ठेवला आहे. बॅटरीचे ड्रिल आणले असून काम नसताना बॅटरी माझ्या खिशात असते. पहिले दोन स्क्रू तिरके गेले. तिने ते स्वतःच उलटे फिरवून काढले आणि मला न विचारता क्लॅम्प पुन्हा आवळला.