उपासना आणि निवडणूक
निवडणुकीच्या दिवसांत चर्चच्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) राजकारणाविषयी मौनच पाळावे, हे मत मला अर्धेच पटते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची (धर्मप्रसारक संस्थेची) नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज उभारला, तेव्हा बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात स्थान दिले होते; मग आज केवळ पक्ष वेगळा म्हणून कोणी मंडळीत (चर्चच्या सभासदांत) परका का ठरावा? उमेदवाराला मात्र उपासनेत ‘दोन शब्द’ बोलू देऊ नये, मग तो मंडळीच्या पंचांचा (कारभाऱ्यांचा) सख्खा भाचा का असेना (आणि बहुधा तो असतोच). बायबलमध्ये प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले आहे. ती करताना सत्ताधारी आणि विरोधक दोघांचाही उल्लेख व्हावा. मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर प्रचाराची चित्रफीत टाकणाऱ्याला चारचौघांत खडसावण्याऐवजी पाळकांनी त्याच्या घरी जाऊन बोलावे.