फॉर्म भरताना व्हॉट्सअॅपवर जाऊन आलं की पान परत कोरं

निपाणीकर:
फोन अँड्रॉइड १३, रॅम ४ जीबी. क्रोममध्ये कर्नाटकातल्या जमिनीच्या उताऱ्याचा फॉर्म उघडून सर्व्हे नंबर बघायला व्हॉट्सअॅपवर गेलं की आलेपर्यंत पान नव्यानं लोड होतंय. परत तालुका, होबळी, गाव निवडत बसा. वर नाव कन्नडमध्ये टाकायचं. सोपं कसं करायचं ओ?

खानापूरवाले:
आधी नीट बघा, पान पांढरं होऊन आपसूक लोड होतंय की ‘सेशन संपलं’ म्हणतंय? सेशन म्हणजे साइटवरचं तुमचं चालू काम, त्याची वेळ साइटचा सर्व्हर ठरवतो, तिथं फोनचा इलाज नाही. सगळे नंबर कागदावर काढूनच बसायचं. पान नुसतंच लोड होत असेल तर रॅम कमी पडतेय. व्हॉट्सअॅप, त्यात फोटो उघडले की जागा करायला मागचा टॅब मेमरीतून काढला जातो.

त्यावर स्प्लिट स्क्रीन. रिसेंट्समध्ये (उघडलेल्या अॅप्सची यादी) क्रोमच्या कार्डावरचं आयकॉन दाबा, ‘स्प्लिट स्क्रीन’ निवडा, खाली व्हॉट्सअॅप घ्या. दोन्ही समोरच, त्यामुळे क्रोम मागे जातच नाही. क्रोम वरच ठेवा. कीबोर्ड खालचा अर्धा भाग झाकतो. आणि मधेच ‘क्लिअर ऑल’ दाबू नका, त्यात क्रोमपण जातं.

टिळकवाडी:
नुसती ये-जा करायची तर रिसेंट्स उघडून शोधत बसू नका. खाली तीन बटणं असतील तर रिसेंट्सचं बटण पटापट दोनदा दाबा, आधीचं अॅप येतं. जेश्चर असेल तर तळाच्या रेषेवरून उजवीकडे बोट सरकवा.

पण खरं म्हणजे ये-जाच कमी करा की. जीबोर्डचा (गूगलचा कीबोर्ड) क्लिपबोर्ड चालू करून गाव, सर्व्हे, हिस्सा एकामागून एक कॉपी करा, मग फॉर्ममध्ये एकेक पेस्ट. पिन न केलेलं तासाभरात उडतं. दाबून धरून पिन करा. पासवर्ड मात्र पिन करू नका. व्हॉट्सअॅपचा मेसेज दाबून कॉपी केला की अख्खा येतो, म्हणून पाठवणाऱ्याला प्रत्येक नंबर वेगळ्या मेसेजात टाकायला सांगा.

कन्नडसाठी जीबोर्डच्या भाषांत मराठीबरोबर कन्नड जोडा. स्पेसबार दाबून धरला की यादी येते.

निपाणीकर:
नंबर फोटोत असला तर?

टिळकवाडी:
गूगल फोटोजमध्ये उघडून लेन्स दाबा, आकडा निवडून कॉपी करा. छापील असेल तर सहसा जमतं. हातानं लिहिलेला जुना उतारा असेल तर प्रत्येक आकडा डोळ्यानं ताडून घ्या, ३ चा ८ व्हायला वेळ लागत नाही.